तुम्ही विचारलंत म्हणून: "एकटी असून इतकी मजेत कशी?"

ऑफिसात विचारतात, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी विचारतात, ओळख होऊन दहा मिनिटं झालेली माणसंही विचारतात. "नोकरी, घर, पोरगं, सगळं एकटीनं ओढतेस आणि तरी इतकी मजेत कशी गं?" विचारणारे दोन जातींचे. पहिल्यांना उत्तर नकोच असतं. मी कुठेतरी गुपचूप रडत असणार, एवढी खात्री करून घ्यायची असते. दुसऱ्या बायका मात्र आवाज खाली आणून, कोणी ऐकत नाही ना ते बघून विचारतात. त्यांचं स्वतःचं काहीतरी ठरायचं असतं, किंवा नुकतंच ठरलेलं असतं, कधी त्यांना न विचारताच. हे त्यांच्यासाठी.

मी एकटी का आहे ते इथे सांगणार नाही. नवरा वारला, घटस्फोट झाला, लग्नच केलं नाही, मूल दत्तक घेतलं. ज्याला त्याला कारण हवं असतं, कारण त्यावर सहानुभूती किती द्यायची ते ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेनं 2019 साली जगभरच्या कुटुंबांवर अहवाल काढला, त्यात एकल पालकांची घरं 8 टक्के भरली आणि त्यांतली 84.3 टक्के आयांची. म्हणजे 10 कोटींहून जास्त बायका. एवढ्या जणींसाठी लोकांकडे भूमिका दोनच: बिचारी, नाहीतर वाघीण. बिचारीनं हसायचं नाही आणि वाघिणीनं दमायचं नाही. मी संध्याकाळी पार दमलेली असते आणि मजेतही असते, तेव्हा समोरच्याची पंचाईत होते.

आता मुद्द्याचं. माझ्या मजेची सुरुवात मृत्युपत्रापासून झाली. हसू नका. रात्री दिवा मालवला की एकच विचार यायचा, मला काही झालं तर ह्याचं काय? हा विचार बसलेला असताना कोणी "स्वतःसाठी वेळ काढ, छंद जोपास" म्हटलं की डोकं फिरायचं. शेवटी वकील गाठला. मूल सज्ञान होईपर्यंत त्याला कोण सांभाळेल, पैसे कोणाच्या ताब्यात राहतील, दोन्ही लिहून काढलं. दोन्ही कामं एकाच माणसाला द्यायलाच हवीत असं नाही, हे मला तिथे कळलं. कायदा देशोदेशी वेगळा आहे, दुसरा पालक हयात असेल तर गणित आणखी बदलतं, म्हणून तुमचं तुम्ही विचारून घ्या. पण ज्याचं नाव लिहिणार त्याला आधी विचारा. मी माझ्या भावाला विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही आणि मग म्हणाला, "तुझ्या वहिनीशी बोलून सांगतो." लगेच हो म्हणाला असता तर मला इतका भरवसा वाटला नसता. त्यानंतर विमा: मला टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, पुरेसा वाटला, बाकीच्या गोड गोड योजना एजंटाला परत दिल्या. आणि पगाराच्या खात्यापासून वेगळं एक खातं, ज्याला हात लावायचा नाही.

सही झाली त्या रात्री मी आडवी पडले ती सकाळी गजर वाजल्यावरच उठले. आनंदावर बोलणारे लोक झोपेबद्दल आणि पैशाबद्दल का बोलत नाहीत, मला समजत नाही. पाय टेकायला जमीन नसेल तर स्वतःचा शोध वगैरे बोलणं ही चेष्टा आहे.

जमीन मिळाल्यावर मात्र एक गंमत सुरू झाली. घरात विचारायला कोणी नव्हतं. सुरुवातीला मी साध्या साध्या गोष्टींसाठी तिघाचौघांना फोन करायचे. पोरगा पोहायला जाऊ दे का, भिंतीला कोणता रंग द्यावा, सुट्टीत कुठे जावं. फोन कमी झाले तसतशी मी स्वतःला दिसायला लागले. मला प्रवासाची आवड आहे असं मी वर्षानुवर्षं सांगत होते. मला प्रवास आवडत नाही, घरी लोळणं आवडतं. मी टापटिपीची असा लौकिक होता. पसारा असला तरी मला काही होत नाही. "माझ्या आवडी" म्हणून मी जे मिरवत होते, त्यातल्या निम्म्या कोणत्या तरी जुन्या तहातल्या अटी होत्या. मोकळा वेळ मिळाला म्हणून हे कळलं असं नाही, वेळ आजही नाही. निर्णयाच्या वेळी खोलीत मी एकटीच मोठी होते, म्हणून कळलं.

आणि भूमिती. हे सांगताना थोडी लाज वाटते. पोराच्या कंपासपेटीतून कंपास आणि पट्टी घेऊन मी रचना करत बसते. दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण, प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथातलं पहिलंच काम, दोन वर्तुळांत होतं. पंचकोन कष्टानं जमतो. यातून मला काही मिळत नाही, पगार वाढत नाही, मुलाचे गुणही वाढत नाहीत, आणि म्हणूनच ते मला हवं असतं. चिकसेंटमिहाई नावाच्या मानसशास्त्रज्ञानं चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू यांचा अभ्यास करून सांगितलं की काम आपल्या कुवतीला जेमतेम ताणणारं असेल, आणि जमलं की चुकलं ते तिथल्या तिथे कळत असेल, तर माणूस त्यात हरवतो. नोकरीत जमलं की चुकलं ते वर्षाअखेरीस कळतं आणि आईपणात बहुधा वीस वर्षांनी. कंपास लगेच सांगतो. शिवाय प्रत्येक कोनाचे तीन समान भाग नुसत्या कंपास-पट्टीनं करता येतातच असं नाही, हे वाँझेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं 1837 मध्ये सिद्ध करून ठेवलंय. जे जमत नाही ते सगळं आपल्याच कमीपणामुळे, असं मानत आलेल्या बाईला हे वाचून किती बरं वाटतं सांगू!

"आणि मुलाचं काय? तू वर्तुळं काढतेस तेव्हा तो काय करतो?" हाही प्रश्न येतोच. तो शेजारी बसून त्याचं काहीतरी करतो. मी तिथे आहे पण त्याच्या मागे नाही. विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. 1953 साली त्यांनी "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली, ती बऱ्याच जणींना माहीत असते. मला त्यांचा 1958 चा लेख जास्त जवळचा. मूल एकटं राहायला शिकतं ते आई जवळ असताना, असं ते त्यात म्हणतात. मला वाटतं, आईचंही तसंच आहे. तासांचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी आणखी एक: समाजशास्त्रज्ञ मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अमेरिकेतल्या मुलांची माहिती तपासली, तर 3 ते 11 वयात आई किती तास जवळ असते याचा मुलांच्या वागण्याशी किंवा अभ्यासाशी ठळक संबंध दिसला नाही. किशोरवयात मात्र एकत्र काही करण्यात घालवलेला वेळ उपयोगी दिसला. म्हणजे ज्या वयात आपण अपराधी वाटून घेऊन झिजतो त्या वयात थोडं सैल सोडलं तरी चालेल, आणि "आता मोठा झाला" म्हणून आपण हात झटकतो तेव्हाच जरा बसायला हवं.

सगळं गोड आहे असं नाही. ताप चढलेली रात्र एकटीनं काढावी लागते, ती निभते. निभत नाही ते वेगळंच. पोरगा काहीतरी भन्नाट बोलतो, मी मान वर करते, आणि नजरानजर करून हसायला समोर कोणी नसतं. मदतनीस पैसे देऊन मिळतो, असा साक्षीदार मिळत नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही. एक मैत्रीण आहे, तीही एकटी. आम्ही एकमेकींना मुलांची वाक्यं लिहून पाठवतो. थोडं भागतं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. "आता तूच घरातला कर्ता पुरुष," असं माझ्या मुलाला कोणी म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवते. तो शाळेत जाणारा पोरगा आहे. बिलं, ऑफिसातली भांडणं, माझं एकटेपण यातलं काही त्याच्या दप्तरात जाणार नाही. मला मजेत ठेवणं हे त्याचं काम नाही. आई आज उदास आहे हे त्याला दिसलं तर दिसू दे, पण ती उदासी त्यानं घालवायची नाही.

आता तुम्ही इतकं प्रेमानं विचारता, तर एक सुचवते. पुढच्या वेळी "इतकी मजेत कशी" असं विचारण्याऐवजी "शनिवारी दोन तास पोराला आमच्याकडे पाठवतेस का" असं विचारून बघा. हो, पाठवते. दप्तर भरूनच ठेवते.