सहाच घरं

ठिकरीची घरं आठ असतात. खाली गल्लीत खडूने आखलेली आहेत ती सहाच. सातवं-आठवं यायला हवं तिथे पांढऱ्या गाडीचं मागचं चाक आहे, म्हणून सहावं घर जरा तिरकं काढलंय. तिथे पोचलं की बंपरला हात टेकून वळायचं, असाही नियम केलेला दिसतो. बंपरवरच्या धुळीत बोटांचे ठसे आहेत, सगळे एकाच उंचीवर.

बस, एवढंच. यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, असं माई म्हणतील. पण लागलंय खरं. गाडी कुणाची, कधी निघणार, जरा पुढे घ्याल का, असं कुणी विचारलंच नसणार. दोन घरं कमी केली आणि खेळ सुरू.

मुलं बाहेर का खेळत नाहीत, यावर नानांचं ठरलेलं उत्तर म्हणजे मोबाईल. मुलांना बाहेर यायचंच नसतं म्हणे. यायचं नसतं तर हा खडू कुणी आणला?

गल्ली सहा मीटरची. साधी गाडी पावणेदोन मीटर रुंद असते, भिंतीपासून वीतभर सोडून लावली की दोन मीटर धरायचे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे उरतात दोन मीटर. त्यातून रिक्षा जाते, टँकर शिव्या देत परत जातो. लगोरी मात्र तिथे बसतच नाही. सात फरश्या रचायला जागा किती लागते? हातभर. पण ढीग पडल्यावर पळायला चारी दिशा लागतात. दोन मीटरच्या पट्ट्यात पळायच्या दिशा दोनच, पुढे नाहीतर मागे. चेंडूवाला मधे उभा राहिला की सगळे आऊट, डाव तिथेच संपतो. आबाधुबीचंही तेच. विटीदांडू आणि गोट्या तर काँक्रीट झालं तेव्हाच गेल्या, कारण गल खणायला माती लागते. उरलं काय? लांबट आणि अरुंद जागेत बसेल तेवढंच: ठिकरी आणि एक टप्पा आऊटवालं क्रिकेट. खडू काँक्रीटवर डांबरापेक्षा बरा उमटतो, हा त्यातल्या त्यात फायदा.

कोपऱ्यावर पी-१, पी-२च्या पाट्या आहेत. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. हे पाळलं तर रोज एक बाजू रिकामी, म्हणजे चार मीटर मोकळे. चार मीटरांत लगोरी बसते, अगदी ऐसपैस नाही तरी बसते. पण तारीख रात्री बदलते आणि रात्री गाडी हलवायला खाली कोण उतरतं? ३१ तारखेनंतर तर १ येते, दोन्ही विषम. तेव्हा न हलण्याला अधिकृत कारणच मिळतं. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात खेळण्याच्या हक्काचं कलमही नेमकं ३१वं. आपल्याकडे ३१ म्हटलं की काही हलत नाही, हे एकूण खरंच.

लोकांना भीती वाटते ती धावत्या गाड्यांची. वाटायलाच हवी. पण धावती गाडी धोक्याची होते ती बरेचदा उभ्या गाडीमुळे. सहा-सात वर्षांचं मूल साधारण पावणेचार-चार फुटांचं. चेंडू गाडीखाली गेला की ते वाकतं, मॉपच्या दांड्याने तो ओढून काढतं आणि दोन गाड्यांच्या फटीतून एकदम बाहेर येतं. मोठ्या गाडीआडून येणाऱ्या मुलाचं फारतर डोकं दिसतं, तेही शेवटच्या क्षणी. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर जायला सेकंद लागतो, पुढे गाडी थांबायला आणखी पाच मीटर. बेरीज तेरा. फटीतून आलेलं मूल तेरा मीटरवर नसतं, चारावर असतं. ताशी ५०ने आलात तर हिशेब सत्तावीस-अठ्ठावीस मीटरचा होतो, म्हणजे निम्मी गल्ली. शिवाय हल्ली विजेवरच्या स्कूटर. आधी कानाने गाडी कळायची, कुणीतरी “गाडीऽऽ” ओरडायचं, सगळे भिंतीला चिकटायचे आणि खेळ जिथल्या तिथे थांबायचा. आता आवाजच येत नाही.

स्पीडब्रेकर घाला म्हणतात. घातलाय की. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८चं माप आहे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी सावकाश चढते आणि सावकाश उतरते. आपल्याकडे रबराची अरुंद पट्टी ठोकलेली. त्यातही पावसाचं पाणी वाहायला कडेला फूट-दीड फूट जागा सोडलेली असते आणि सगळ्या दुचाक्या वेग कमी न करता नेमक्या तिथूनच जातात. मुलं कडेने चालतात. म्हणजे ज्यांना वाचवायचं, त्यांच्याच अंगावर गाड्या वळवून दिल्या.

बागेत पाठवा, हे दुसरं उत्तर. बागेत चेंडू चालत नाही, दुपारी फाटक बंद. आणि बागेपर्यंत जायचं कसं? २४ मीटरचा रस्ता लहान मुलाच्या पावलांनी ओलांडायला वीस-पंचवीस सेकंद तरी लागतात, मधे दुभाजकावर थांबायचं ते वेगळं. म्हणजे मोठं माणूस बरोबर हवं. मोठ्या माणसाला वेळ झाला की खेळ, नाही झाला की नाही. इथे पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर खेळणी बसवली, ते छानच आहे; पण तिथे जायचं म्हणजे सहल झाली. क्लासला घाला, तर तिथे वयाप्रमाणे बॅचेस, मग कच्चा लिंबू कुणी व्हायचं? जाऊ दे, तो वेगळाच विषय.

मुलांनी विचारलं का नाही, हेच डोक्यातून जात नाहीये. हल्ली काहीही दिसलं की आधी खुपतं, मग मोजमापं सुचतात, आणि ती ऐकायला घरात कुणी तयार नसतं. आज फारच एकटं वाटलं, उगाच.

संध्याकाळी वर गॅलरीत त्यांचं क्रिकेट ऐकू येत होतं. पांढऱ्या गाडीखाली गेला तर डिक्लेअर दोन. आण्णांच्या गाडीला लागला तर आऊट, कारण आण्णा घरी असतात. कव्हर घातलेल्या गाडीला लागला तर खेळ चालू, कारण आवाज होत नाही. वाद झालाच तर तो टप्प्यावरून, जागेवरून नाही. म्हणजे यांनी विचारलं नाही ते घाबरून नव्हे. गाडी यांच्या लेखी एक खांब आहे, झाडासारखा. खांबाला कुणी सरक म्हणतं का? हे कळल्यावर राग निम्मा झाला आणि वाईट दुप्पट वाटलं, पण हसूही आलं.

आणि रस्ता बंद करता येत नाही असं पुण्यात तरी कुणी म्हणू नये. गणपतीत मांडव पडला की हीच गल्ली अर्धी बंद असते, सजावट येईपर्यंत त्या रिकाम्या मांडवात पोरं हुंदडतात, तेव्हा सगळ्यांच्या गाड्या बरोबर दुसरीकडे लागतात. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा तुकडा वाहनांना बंद ठेवतात. ब्रिस्टलमध्ये २००९ साली काही पालकांनी शाळा सुटल्यावर दोन-तीन तास आपलीच गल्ली बंद करून बघितली, पुढे ते इंग्लंडभर पसरलं. करायचं फार नसतं. वाहतूक पोलिसांची परवानगी, दोन्ही तोंडांना बॅरिकेड, प्रत्येक ठिकाणी एक मोठं माणूस. राहणाऱ्यांची गाडी आलीच तर पुढे कुणीतरी चालत राहायचं आणि तिने चालीच्या वेगाने मागून यायचं. रुग्णवाहिकेला अर्थात ताबडतोब वाट.

आपल्याकडे अडेल ते दुसरीकडेच. बंद केलेल्या गल्लीतही उभ्या गाड्या उभ्याच राहणार. म्हणजे आदल्या रात्री एक बाजू रिकामी करायला हवी, आणि रविवारी सकाळी तर गाड्या धुवायच्या असतात. दुपारी झोप. राहिली संध्याकाळची पाच ते सात.

सोसायटीच्या सभेत मांडायचं म्हटलं तर पार्किंग हा विषय क्रमांक दोन आहे आणि त्याला दीड तास लागतो. खेळ येतो “आयत्या वेळचे विषय” यात. तोवर बटाटेवडे आलेले असतात.