स्टॉल उठल्यानंतरचे आठ दिवस

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात धान्य साफ करून त्याची प्रतवारी लावणारी यंत्रे तयार होतात आणि गेली काही वर्षे आम्ही नागपुरातल्या प्रदर्शनांत नेमाने स्टॉल घेत आलो आहोत. 2009 पासून भरणाऱ्या ॲग्रोव्हिजनसारख्या कृषी प्रदर्शनाला यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरचे शेतकरी तर येतातच, शिवाय छिंदवाड्याकडचीही मंडळी येतात, त्यामुळे विदर्भातल्या उत्पादकाला गिऱ्हाईक शोधत पुण्या-मुंबईला जाण्याची गरज उरलेली नाही. असे असूनही ओळखीचे कितीतरी उद्योजक ‘भाडे अंगावर पडले’ असे म्हणत परततात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण बहुतेकांचे नुकसान स्टॉल उठल्यानंतरच्या आठ दिवसांत झालेले असते.

आमचेही पहिल्या वर्षी तेच झाले. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आम्ही माहितीपत्रक दिले, रजिस्टरमध्ये त्याचे नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला आणि शेवटच्या संध्याकाळी भरलेले रजिस्टर पाहून समाधान मानले. पुढे फोन करायला बसलो तेव्हा कोणाला खरोखर यंत्र हवे होते आणि कोण सहज डोकावून गेले होते, हे एकाही नावावरून आठवेना.

पुढच्या वर्षापासून रजिस्टरच्या जागी वही आली. यंत्राशी कोणी थांबले, की बोलता बोलता आम्ही चार गोष्टी विचारतो: गाव कोणते, दिवसाला किती क्विंटल माल निघतो, वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि यंत्र कधीपर्यंत हवे. माणूस स्टॉलवरून हलला की पाच मिनिटांच्या आत हे सारे लिहिलेच पाहिजे, कारण आणखी तिघांशी बोलणे झाल्यावर आधीच्याचे बोलणे डोक्यातून निघून जाते. हिंगणघाटजवळच्या एका शेतकरी गटाचे काका आले होते. आम्ही काडीकचरा आणि खडे मिसळलेली तूर हॉपरमध्ये ओतून दाखवली. खाली पडणाऱ्या स्वच्छ तुरीत त्यांनी हात घातला, मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि फुटके दाणे वेगळे पडतात का, एवढेच विचारले. ते गेल्यावर माझ्या पुतण्याने वहीत लिहिले, ‘गटाचे 40 सभासद, दिवसाला 20 क्विंटल, सिंगल फेज, फुटक्या दाण्याची अडचण, तूर येण्याआधी हवे.’ चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा बोलणे थेट त्या फुटक्या दाण्यांपासूनच सुरू झाले.

नोव्हेंबरात होणाऱ्या प्रदर्शनानंतर हा वेग आमच्या धंद्यात फार महत्त्वाचा ठरतो. तोपर्यंत बऱ्याच शेतकऱ्यांचे सोयाबीन विकून झालेले असते आणि नवी तूर जानेवारीपासून बाजारात येऊ लागते, म्हणून यंत्र घ्यायचे की नाही हे याच मधल्या काळात ठरते. डिसेंबर अखेरीस केलेला फोन बहुधा दुसऱ्याचे यंत्र बसल्यानंतर पोहोचतो.

स्टॉलच्या मांडणीविषयी थोडेच सांगतो. 3 बाय 3 मीटरच्या जागेत टेबल दर्शनी भागात आडवे ठेवले तर माणूस बाहेरूनच पत्रक घेऊन पुढे जातो, म्हणून टेबल मागे सरकवावे आणि यंत्र वाटेच्या बाजूला आणावे. स्टॉलवरील दोघांपैकी एकाला हिंदी सफाईने बोलता यायला हवी. खुर्चीत बसून मोबाइल पाहणारा माणूस स्टॉलवर नसलेलाच बरा.

विजेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. नेहमीच्या स्टॉलला मिळणाऱ्या दिव्यांच्या जोडणीवर आणि साध्या सॉकेटवर मोटर चालत नाही, म्हणून लागणारा भार आधीच लेखी कळवावा लागतो. एका प्रदर्शनात वेळेवर अर्ज करूनही आम्हाला जोडणी पहिल्या दिवशी दुपारनंतर मिळाली, आणि नेमक्या त्याच सकाळी आलेले दोन विक्रेते बंद यंत्र पाहून गेले. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच मैदानावर जातो आणि हॉपर भरून यंत्र तासभर चालवल्याशिवाय परतत नाही.

कागदपत्रांचा कंटाळाही महाग पडतो. यंत्र दाखवण्यासाठी नेत असल्याने सोबत विक्रीच्या बिलाऐवजी डिलिव्हरी चलन ठेवावे. भाड्याच्या पावतीवर आपला जीएसटी क्रमांक आहे ना, हे जागेवरच तपासावे, नाहीतर त्यावरील कराची वजावट हातची जाते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेतून भाड्याचा काही भाग परत मिळण्याची सोय आहे. त्या वेळच्या अटी जागा आरक्षित करण्यापूर्वीच पाहून घ्याव्यात.

यंदाच्या वहीतील सगळे पहिले फोन झाले आहेत. अकरा पानांवर ‘तूर विकल्यावर’ असा शेरा आहे आणि त्या मंडळींशी मार्चमध्ये पुन्हा बोलायचे ठरले आहे.