शिकाऊ पोरगं, तीन नावं आणि बिलोचं टेंडर

आम्ही कोल्हापूर भागात शाळाखोल्या, समाजमंदिरं अशी सरकारी कामं घेतो. माणसं ३० च्या आत, त्यामुळं शिकाऊ उमेदवार घ्यायची सक्ती आम्हाला नाही. ३० किंवा त्याहून जास्त असतील तर अडीच ते १५ टक्के घ्यावेच लागतात. पण ओळंब्यात भिंत उठवणारा नवा गवंडी मिळेना, म्हणून आयटीआयची पोरं घ्यायची ठरवली.

शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर आमची नोंदणी झाली. घोडं अडलं एका पोराच्या नावाशी. आयटीआयच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. शिकाऊ उमेदवारीचा करार मंजुरीला गेला की परत.

"साहेब, माणूस तोच आहे, हा काय समोर उभाय."
"माणसाचं नाही ओ, नाव जुळाय पाहिजे."

आधार दुरुस्त करा म्हणाले. आधारवाल्यानं शाळेचा दाखला मागितला. त्यावर पुन्हा आडनाव आधी! तोवर पोरगं रोज डबा घेऊन साइटवर हजर. मी त्याला विटा भिजवायलासुद्धा हात लावू दिला नाही. करार नसताना पायावर काय पडलं तर निस्तरणार कोण? गवंडी मला हसायचे, "मालक, पाहुणा आणलाय व्हय?" शेवटी पासबुक आधारबरहुकूम करून घेतलं, दाखल्याला प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा कुठं करार सुटला. तुम्ही हे आधीच करून घ्या.

एवढं करून टेंडरात त्याची किंमत शून्य. दराचा लिफाफा उघडला की जो जास्त बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या जास्त खाली, त्याचं काम. पोरं शिकवणाऱ्याचा खर्च कुठल्या रकान्यात दिसतो? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० लाख डॉलर आणि त्यावरच्या बऱ्याच सरकारी बांधकामांत १५ टक्के श्रमतास शिकाऊंचे असावेत अशी अट आहे. स्वित्झर्लंडच्या २०२१ पासूनच्या संघीय कायद्यात, आंतरराष्ट्रीय करारांबाहेरच्या खरेदीत, निविदा तोलताना शिकाऊंच्या जागाही धरता येतात. आपल्याकडं निदान दोघांचे दर सारखे आले तर शिकवणाऱ्याला काम द्या की!

आणि हो, केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, थेट पोराच्या खात्यात येतात. बँकेत "केवायसी झालंय" एवढ्यावर उठू नका, खातं आधारशी जोडलंय का ते स्क्रीनवर दाखवायला लावा.