गुनुंगकिदुलची खडकाळ रानं आणि आपला सातबारा

माझा भाचा नोकरीनिमित्त जावा बेटावरील योग्याकार्ता शहरात राहतो. त्याच्या एका सहकाऱ्याचे आईवडील तेथून जवळच्या गुनुंगकिदुल जिल्ह्यात, वोनोसारी या जिल्ह्याच्या गावाच्या दक्षिणेकडील एका लहान खेड्यात शेती करतात. ऑक्टोबर महिन्यात काही दिवस मी त्यांच्या घरी मुक्कामाला होतो. इंडोनेशिया म्हटले की बालीची पायऱ्यापायऱ्यांची हिरवी भातशेती डोळ्यांसमोर येते. परंतु लातूरच्या औसा तालुक्यातून गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला गुनुंगकिदुल पाहताना फारसे परके वाटत नाही. तोच उघडा माळ, तीच पाण्याची वणवण आणि पोरे शहरात गेल्यामुळे म्हाताऱ्यांच्या हाती राहिलेली तीच शेती.

तेथे पोहोचणे अवघड नाही. सिंगापूर किंवा क्वालालंपूर येथे विमान बदलून योग्याकार्ताच्या नव्या विमानतळावर उतरता येते. हा विमानतळ शहरापासून दूर, कुलोन प्रोगो जिल्ह्यात समुद्रकाठी आहे. तेथून शहरात थेट रेल्वे जाते. भारतीयांना विमानतळावरच तीस दिवसांचा व्हिसा मिळतो आणि त्याला पाच लाख रुपिया पडतात. आकडा ऐकून दचकू नये, आपल्या चलनात ते अडीच-तीन हजार रुपये होतात. शहरापासून वोनोसारी चाळीसेक किलोमीटरवर आहे. पातुकचा घाट चढला की हवा आणि माती दोन्ही बदलतात. मुख्य रस्त्यावर बस मिळते, आत खेड्यात मात्र स्वतःच्या दुचाकीशिवाय भागत नाही. मोबाईलवर बोलावलेला दुचाकीवाला सोडायला येतो, परत न्यायला कोणी येत नाही. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून नेला म्हणजे भाड्याची स्कूटर बिनघोर चालवता येते.

गुनुंगकिदुलमध्ये वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी पावणेसातशेच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट. तरीही ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत या जिल्ह्याच्या दक्षिण भागात टँकर फिरतात. कारण जमिनीच्या पोटात आहे. सगळा भाग चुनखडीचा असल्यामुळे पडलेले पाणी भेगांतून खाली जाते आणि भुयारी नद्यांतून थेट समुद्राला मिळते. ब्रिबिन येथे जर्मन अभियंत्यांच्या मदतीने भुयारातच बांध घालून तेथील नदीचे पाणी वर उपसले जाते, पण ते सगळ्या वस्त्यांना पुरत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकराला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे आभाळ देत नाही आणि तिकडे जमीन ठेवून घेत नाही.

म्हणून तेथे घराला लागून सिमेंटचा हौद असतो. आमच्या यजमानांचा हौद गोल, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारा आणि वरून झाकलेला होता. कौलारू छपराच्या कडेने पन्हळ फिरवलेली आणि तिचे तोंड हौदात सोडलेले. तोंडाला काथ्याची जाळी बांधलेली. पहिल्या पावसाचे पाणी आत घेत नाहीत. छपरावरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण त्या पाण्याबरोबर वाहून जाऊ देतात आणि मगच पन्हळ हौदाकडे वळवतात. कोरड्या महिन्यांत याच हौदात टँकरचे पाणी रिकामे केले जाते. मी होतो तेव्हा हौदाच्या बाहेरच्या अंगाला टिचकी मारून यजमानीणबाई पाणी कुठवर आहे ते सांगत आणि त्यावर त्या दिवशीचे धुणे ठरत असे.

पाऊस सुरू होण्याआधी कोरड्या मातीत भाताचे बी टाकून मोकळे होण्याची तिथली रीत पाहून मला आपली धूळपेरणी आठवली. हा भात चिखलणीचा नव्हे, पावसावरचा. त्याच रानात मका, भुईमूग आणि कसावा (साबुदाण्याचा कंद) यांच्या ओळी असतात. भात फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, कसावा मात्र जुलै-ऑगस्टपर्यंत जमिनीत राहतो. तो सोलून, वाळवून ठेवतात आणि त्याच्या पिठाचा तिवुल नावाचा उकडलेला रवाळ पदार्थ करतात. एके काळी हे गरिबाचे अन्न होते. आता तेच शहरातील पाहुण्यांना कौतुकाने वाढले जाते. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीचे झाले तसेच. सोयाबीनची गोष्ट आणखी मजेशीर आहे. आम्ही लातूरकडचे लोक सोयाबीनवर जगतो, पण ते खात नाही; सगळा माल बाजार समितीत जातो आणि तेथून तेलगिरणीत. जावामध्ये सोयाबीनचे टेम्पे (आंबवलेल्या दाण्यांची वडी) आणि टोफू रोजच्या जेवणात असतात, पण सोयाबीन बहुतांशी अमेरिकेतून येते. शाकाहारी माणसाची टेम्पेवर उत्तम सोय होते. चटणीत मात्र कोळंबी आंबवून केलेला तेरासी बहुधा असतोच, तेव्हा विचारून घ्यावे.

शेळीला तेथे फार मान आहे. गोठा जमिनीपासून हातभर उंच, बांबूच्या फळ्यांचा असतो. लेंड्या फटींतून खाली पडतात आणि तेच पुढे शेतीचे खत. यजमानांच्या शेळ्यांचे लांब लोंबते कान आणि बाकदार नाक पाहून मी थबकलो. ही जात ‘एतावा’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे आपल्या उत्तर प्रदेशातील इटावा. डच काळात तिकडे गेलेल्या जमनापारी शेळ्यांचे हे वंशज आहेत.

बांधाबांधावर सागाची झाडे आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे डोंगर बोडके होते. गद्जा माडा विद्यापीठाने 1960च्या दशकात वानागामा येथील उजाड माळावर झाडे जगवून दाखवली, पुढे लोकांनी स्वतःच्या रानात साग लावला. हा साग व्यापाऱ्याच्या सवडीने तोडला जात नाही. मुलीचे लग्न, मुलाची फी, दवाखाना असा खर्च उभा राहिला की लागतील तेवढीच झाडे विकतात. आपल्याकडे अशा वेळी सावकार किंवा वावराचा तुकडा पुढे येतो. तेथे बांधावरचे झाड येते. या एका गोष्टीचा मला खरोखर हेवा वाटला.

आता मालमत्तेविषयी, कारण भाच्याने मला खास त्यासाठीच बोलावले होते. “मामा, इथं एखादा तुकडा घेऊन टाकावा म्हणतो,” असे तो फोनवर वारंवार म्हणत असे.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 सालचा आहे. त्यानुसार पूर्ण मालकी हक्क, ज्याला ‘हाक मिलिक’ म्हणतात, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाला वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा मिळू शकतो, मालकी नाही. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन खासगी करार करून ठेवण्याची वाट अनेक जण दाखवतात, पण मालकी परदेशी माणसाकडे वळवण्यासाठी केलेला असा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो. पैसे जातात आणि तक्रार करायलाही तोंड राहत नाही. स्थानिक मुलीने परदेशी माणसाशी लग्न केले आणि मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला नाही, तर तिच्या स्वतःच्या मालकीलाही धोका असतो. असा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. तेथील घटनात्मक न्यायालयाच्या 2016 मधील निकालाने तो लग्नानंतरही करता येऊ लागला.

शेतजमिनीला आणखी एक अट आहे. मालकाने जमीन ज्या तालुक्यात आहे त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहावे असा 1961 पासूनचा नियम आहे. लांब शहरात बसून शेतजमीन धरून ठेवायला मनाई आहे. पळवाटा तेथेही आहेत आणि नियम सर्रास मोडला जातो, हे यजमानांनीच हसत सांगितले. तरी नियम आहे. आपल्याकडे शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, पण एकदा सातबाऱ्यावर नाव लागले की मालक पुण्याला राहतो की दुबईला, हे कोणी विचारत नाही. आमच्याच गावातील निम्मे रान आज बटईने किंवा ठोक्याने कसले जाते. अतिवृष्टीचे अनुदान आले की ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यावर पडते; ज्याने बियाणे-खत घातले तो तलाठ्याच्या दारात उभा राहतो. जावामध्येही निम्म्या वाट्याने जमीन कसणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे करार बहुधा तोंडीच असतात. मात्र तेथे अनुदानाचे खत गावच्या शेतकरी गटाच्या यादीवरून मिळते आणि दोन हेक्टरपर्यंत प्रत्यक्ष कसणारा त्या यादीत येऊ शकतो. निदान खताच्या पोत्यापुरते तरी कसणाऱ्याला नाव आहे.

यजमानांची जमीन अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी, तीही चार ठिकाणी विखुरलेली. त्यातील एका तुकड्याचे हिरव्या मुखपृष्ठाचे प्रमाणपत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवले. बाकीच्या तुकड्यांची नोंद पूर्वी फक्त गावच्या जुन्या कर-वहीत होती. 2017 पासून सुरू झालेल्या सरसकट नोंदणी मोहिमेत त्यांचीही मोजणी झाली. कर भरल्याची जुनी पावती म्हणजे मालकी नव्हे, ही गोष्ट तेथील अनेक कुटुंबांना कोर्टात गेल्यावर कळली. आपल्याकडेही सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे किती जणांच्या ध्यानात असते? वाडीच्या प्रमुखाला पगाराच्या जोडीला कसण्यासाठी गावची जमीन मिळते. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांची वतने केव्हाच गेली. समुद्रकाठच्या कित्येक टपऱ्या तर सुलतानाच्या जमिनीवर आहेत. योग्याकार्ताचा सुलतान आजही त्या प्रांताचा राज्यपाल आहे आणि 2012 च्या कायद्याने त्याच्या घराण्याच्या जमिनींना मान्यता दिली आहे. निजामाच्या सर्फ-ए-खास, म्हणजे खासगी मालकीच्या, जमिनी 1949 मध्ये सरकारजमा झालेल्या आपल्या मुलखातील माणसाला हे ऐकून गंमत वाटते.

कागदाइतकेच वजन शेजाराला आहे. परगावचा पाहुणा मुक्कामाला आला तर चोवीस तासांच्या आत गल्लीच्या प्रमुखाला कळवावे लागते. माझी वर्दी पहिल्याच संध्याकाळी दिली गेली. रात्री पाळीपाळीने गस्त असते. प्रत्येक घराच्या दाराशी एक लहानशी डबी टांगलेली असते. तिच्यात पूर्वी मूठभर तांदूळ ठेवत, आता पाचशे रुपियाचे नाणे ठेवतात. गस्तीवाले ती नाणी गोळा करतात, वहीत घरागणिक खूण करतात आणि त्या पैशातून गल्लीतला दिवा, मयताचे सामान, आजाऱ्याला मदत असे खर्च भागतात. बायकांची भिशी दर महिन्याला भरते. नवे घर बांधताना छप्पर चढवायला सगळी वाडी येते आणि मालक फक्त जेवण घालतो. आपल्या इर्जिकीचे आता नावच उरले आहे, तेथे ती चालू आहे.

यात सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. लग्नसराईत प्रत्येक घरी आहेर करावा लागतो. कोणी किती दिले याची वही ठेवली जाते आणि परतफेडीचा आकडा कमी पडून चालत नाही. हाताला मजुरी नसलेल्या महिन्यांत त्यासाठी उसनवारी करणारी घरे मी पाहिली. गस्तीला न येणाऱ्या, भिशीत न बसणाऱ्या माणसाला कोणी वाईट बोलत नाही, पण त्याच्या छपराला हातही लागत नाहीत.

वाटणीचा विषय निघाला तेव्हा यजमानांनी मोकळेपणाने सांगितले, की त्यांच्यात मुलाला दोन आणि मुलीला एक असाही रिवाज आहे आणि सगळ्यांना सारखे देण्याचाही. काय करायचे ते घर ठरवते. त्यांचा एक मुलगा जकार्ताजवळ नोकरी करतो, दुसरा माझ्या भाच्याबरोबर आहे आणि मुलगी शेजारच्या वाडीत राहून आईवडिलांचे पाहते. घर आणि हौदाजवळचा तुकडा मुलीला द्यायचा हे ठरलेले होते. बाकीचे तिघांत सारखे. मुलांचीही ना नव्हती, कारण म्हातारपणी जो सांभाळतो त्याला घर, यात त्यांना वावगे वाटत नाही. मग त्यांनी आमच्या घरातील वाटणीविषयी विचारले. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क आहे, पण आमच्या बहिणींनी वडिलांमागे हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, असे मी सांगितले. “त्यांना त्याबदल्यात काय मिळाले?” असे त्यांनी साधेपणाने विचारले. दिवाळीची साडी आणि माहेर शाबूत राहिल्याचे समाधान, हे उत्तर भाच्याने भाषांतरित केले नाही. त्याची आई त्या बहिणींपैकीच एक आहे.

भाच्याने शेवटी जमीन घेण्याचा विचार सोडला. त्याच वाडीत रस्त्यालगतचे एक जुने लाकडी घर रिकामे होते. तेथील पद्धतीप्रमाणे एक वर्षाचे भाडे आगाऊ देऊन त्याने ते घेतले. वाडीच्या प्रमुखाने पगार, धर्म वा देश यांपैकी काहीच विचारले नाही. गस्तीसाठी मंगळवार चालेल की शुक्रवार, एवढेच विचारले. भाच्याने शुक्रवार घेतला, कारण शनिवारी त्याला सुट्टी असते.