आईच्या घरचा लँडलाइन काढताना

साताऱ्याच्या घरचा लँडलाइन फोन आम्ही अलीकडेच कायमचा बंद केला आणि त्याचे काम मोबाइल सेवेकडे सोपवले. हल्ली घरोघरी हेच होते. पण घरात ऐंशी ओलांडलेली आई एकटी राहत असेल, तर तिच्या हाती एक मोबाइल ठेवून हे प्रकरण मिटत नाही. लँडलाइन काढावा, मात्र त्याच्या जागी पुन्हा टेबलावरचाच फोन यावा, असे माझे मत झाले आहे.

रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि फोन डेड झाला. बिल मात्र वेळच्या वेळी येत राहिले. बऱ्याच तक्रारींनंतर लाइनमन आले आणि त्यांनी सरळ सांगितले, "आजी, केबलमध्ये चांगली पेअरच, म्हणजे तारांची जोडीच, शिल्लक नाही. फायबर घ्या." त्यांचे म्हणणे खरे होते, तांब्याच्या जुन्या केबलवर आता फारसे कुणी पैसे घालत नाही.

फायबरवर लँडलाइनही मिळतो, पण त्यात एक मेख आहे. जुन्या फोनला लागणारी वीज, सुमारे ४८ व्होल्टची, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून त्याच दोन तारांवरून घरी येत असे, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू राही. फायबर म्हणजे काच; तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. फायबर जिथे जोडतात त्या भिंतीवरच्या डबीला घरातलीच वीज लागते आणि इन्व्हर्टर नसेल तर दिव्यांबरोबर फोनही जातो. आईकडे इन्व्हर्टर नाही.

हातातल्या मोबाइलचा अनुभव आम्ही आधी घेतला होता. तो चार्ज करायचा राहतो, चुकून सायलेंटवर जातो, उशीखाली सापडतो. म्हणून सिमकार्डावर चालणारा टेबल फोन आणला: रिसीव्हर, मोठी बटणे, खणखणीत घंटी आणि आत बॅटरी. जुना फोन होता त्याच कोनाड्यात तो ठेवणार होतो, परंतु जाड दगडी भिंतीमुळे तिथे रेंज येईना, तेव्हा त्याला खिडकीजवळच्या तिवईवर जागा दिली. असा फोन घेताना त्यात फोर-जीवरून बोलता येते का, हे विचारून घ्यावे. स्वस्तातले काही संच केवळ टू-जीवर चालतात आणि जिओकडे टू-जी नाहीच. शिवाय वीज फार वेळ गेली तर टॉवरचाही भरवसा नसतो. एक्स्चेंजच्या तारेची सर याला येत नाही, हे मान्य करूनच हा पर्याय निवडावा लागतो.

नंबर मात्र गेला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, पण लँडलाइनचा नंबर मोबाइलवर नेता येत नाही. त्यामुळे गॅस एजन्सी, विमा, पेन्शन, सोसायटी अशा सगळ्या ठिकाणी नवा नंबर कळवावा लागला. जोडणी वडिलांच्या नावावर होती. अनामत परत मिळवण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि जुनी पावती मागितली गेली. पावती सापडली, हे नशीबच.

खरे काम निघाले ते आईच्या डायरीत. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबण्याचा नियम जानेवारी २०२१ पासून आला, तेव्हा तिने प्रत्येक मोबाइल नंबराआधी लाल पेनाने शून्य काढले होते. ते शून्य आताही चालते. उलट, गावातल्या ज्या दोन-तीन मैत्रिणींकडे अजून लँडलाइन आहे, त्यांचे सहा आकडे तिला पाठ आहेत आणि आता त्याआधी ०२१६२ लावल्याशिवाय फोन लागत नाही. "समोरच्या गल्लीत बोलायला एसटीडी?" असे म्हणत तिने तेही लिहून घेतले.

रिचार्जची तारीख मी पुण्यातून सांभाळतो, कारण प्रीपेड सिम फार दिवस वापराविना राहिले तर नंबर बंद होऊ शकतो. याहून मोठी काळजी अनोळखी फोनची आहे. जुन्या फोनवर नंबर दिसत नसल्यामुळे आलेला प्रत्येक फोन उचलायची तिला सवय आहे आणि ती या वयात मोडणार नाही. जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद १९०९ वर केली, पण भामटे अशी नोंद पाहून थांबत नाहीत. म्हणून बँकेत नोंदवलेला नंबर वेगळाच ठेवला आहे. त्याचे सिम साध्या मोबाइलमध्ये असून तो मोबाइल कपाटात असतो. टेबल फोनवर कुणी कितीही गोड बोलून ओटीपी मागितला, तरी वाचून दाखवायला तिथे तो आलेलाच नसतो.