भार कुठल्या पायावर?

बरीच वर्षं मी फक्त चेहरे काढत होते. डोक्यापासून पायांपर्यंत उभा माणूस तैलरंगात काढायचा ठरवलं, तेव्हा कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या तालमीचे एक वस्ताद उभे राहायला तयार झाले. धोतर, सदरा, फेटा, पायात कोल्हापुरी चपला.

अख्खा माणूस एका नजरेत मावायला त्याच्या उंचीच्या निदान ३ पट लांब उभं राहावं लागतं. माझी खोली तेवढी नाही, म्हणून मी इझल सोप्यात मांडलं. माझ्या चित्रकलेच्या सरांनी गवंड्याचा ओळंबा आणून दिला. तो गळ्याच्या खळीसमोर धरायचा आणि दोरी खाली कुठं उतरते ते पाहायचं. मी डोक्याच्या मापानं उंची मोजत होते, साडेसात डोकी भरतात का बघत होते. वस्ताद म्हणाले, "पोरी, आधी भार कुठल्या पायावर हाय ते बघ. आम्ही बी पायाकडंच बघतोय."

दोरी त्यांच्या उजव्या घोट्याजवळ उतरली होती. त्या बाजूचा कंबरेचा काठ वर, खांदा खाली. मग हाताची लोंब, धोतराच्या चुण्या, मानेचा कल, सगळ्याचा उलगडा झाला. ब्रश कधी न धरलेल्या माणसाकडून मला शरीररचना कळली!

पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा. तो लवकर सुकतो. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं, नाहीतर पुढं तडे जातात. सगळ्यात जास्त वेळ धोतरानं घेतला. उत्तरेच्या खिडकीचा उजेड थंड, त्यामुळे सावल्या उबदार, तपकिरीकडे झुकणाऱ्या. शुद्ध पांढरा फक्त गुडघ्यावर. डोळे बारीक केल्याशिवाय हे दिसत नाही.

मध्येच अडले की टाऊन हॉल म्युझियममध्ये जुनी चित्रं बघायला जायचे. कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवत स्वतःच शिकले, हे आठवलं की मला फार बळ यायचं.

चपला शेवटी केल्या. नजर छातीच्या उंचीवर असल्यानं पावलं वरून दिसतात आणि जमीन चढत जाते. टाचेची कड फरशीच्या सावलीत विरघळू दिली, तेव्हाच वस्ताद जमिनीवर टेकले.

वॉर्निशला अजून अवकाश आहे, निदान ६ महिने रंग सुकू द्यायचा. तोवर काकूंना विचारलंय. नऊवारीत उभ्या राहते म्हणाल्यात.