शेवटचा घाणा

काकांनी टाकीतून बोट बाहेर काढलं, तर त्याला काळं लागलं होतं. टाकी सील करून सहा आठवडे उलटले होते, बोट कोरडं यायला हवं होतं. त्यानंतर किती दिवस झाले, माझ्या डोक्यातून ते बोट जात नाही.

मी विस्कॉन्सिनमध्ये विमानांचा मेकॅनिक आहे. आमच्या हँगरमध्ये लोक किट आणून स्वतःचं विमान स्वतः बांधतात. आम्ही जागा देतो, हत्यारं देतो, शिकवतो. इथल्या कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असेल, तरच ते विमान त्या वर्गात नोंदवता येतं. म्हणून माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे हात मागे बांधून उभं राहणं. माझे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसला नव्हता.

काका मूळचे सांगलीचे. पन्नासेक वर्षांपूर्वी इकडे आले, कागदाच्या गिरणीत इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि दोन माणसांचं पत्र्याचं विमान बांधतायत. पुढच्या जुलैत स्वतःचं विमान घेऊन ओशकोशच्या विमानांच्या मेळ्यात उतरायचं, हा त्यांचा हट्ट.

किटचं खोकं उघडलं की पहिल्यांदा दिसते ती 'हे भाग नंतर पाठवू' अशी चिठ्ठी. कंपन्या पैसे आधी घेतात आणि ब्रॅकेट सहा महिन्यांनी पाठवतात. सुटे भाग कमी पडतात हे मी समजू शकतो. तारखेबद्दल खरं न बोलणं मला चालत नाही, कारण त्या तारखेवर आमचा सगळा क्रम उभा असतो. मी फळ्यावर तो क्रम मांडतो. जे उघडं राहतं ते आधी, जे बंद होतं ते शेवटी. पंखाचा खालचा पत्रा रिव्हेट करून टाकायची सगळ्यांना घाई असते, कारण त्यानंतर पंख पंखासारखा दिसतो. पण आत एखादी वायर, एखादा ब्रॅकेट यायचा असेल तर तो पत्रा क्लेकोंवरच, म्हणजे तात्पुरत्या पिनांवरच, राहू द्यायचा, कितीही महिने लागोत. क्रमात ऋतूही येतो. कॅनोपीचं, म्हणजे बसायच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाचं, ॲक्रिलिक थंडीत कापायला घेतलं तर कडेपासून तडा जातो, म्हणून ते काम आम्ही उन्हाळ्यातच उरकून घेतलं होतं.

आणि सीलंटच्या डब्यावर तारीख असते.

पंखातली इंधनाची टाकी आतून ज्या सीलंटने बंद करतात तो जाड, चिकट, गंधकाच्या वासाचा असतो. वजनाने दहा भाग पांढरा लगदा आणि एक भाग तो घट्ट करणारा काळा कॅटॅलिस्ट. मिसळल्यावर एकसारखा काळपट राखाडी होईपर्यंत घोटायचा. मग हाताशी साधारण दोन तास असतात. तेवढ्यात प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर टिकली, प्रत्येक रिबच्या, म्हणजे आतल्या आडव्या पत्र्याच्या, कडेने आइस्क्रीमच्या काडीने ओढलेली गोल कड, आणि शेवटी मागची भिंत बसवायची. ती भिंत एकदा बसली की टाकी बंद. काकांचा हात या कामात इतका साफ होता की दुसऱ्या गिऱ्हाइकांना मी त्यांच्या कडा दाखवायला आणायचो.

ऑक्टोबर संपत आला होता. डब्यावरची तारीख त्याच महिन्याची. इंजिनचा पत्ता नव्हता, तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली होती. माझ्याच नियमाने इंजिन ठरल्याशिवाय टाकी बंद करायला नको होती. पण नवा सीलंट मागवायचा तर त्यालाही थांबणं आलं, आणि काकांकडे आठवडाभर दुसरं काम नव्हतं. रिकाम्या हातांनी हँगरमध्ये बसलेला माणूस मला बघवत नाही. मी म्हणालो, "काका, टाक्या बंद करून टाका."

फुगा लावून चाचणी घेतली. दोन दिवस फुगा उतरला नाही, साबणाच्या पाण्याला एक बुडबुडा नाही. काकूंनी पेढे पाठवले.

डिसेंबरच्या सुरुवातीला काकांनी इंजिन बदललं. दुसरीकडे लगेच मिळत होतं, पण इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं. त्यात पंप गरजेपेक्षा जास्त इंधन पुढे ढकलतो आणि उरलेलं गरम इंधन टाकीत परत येतं. परतीची नळी इंधन जिथून खेचलं जातं तिथेच सोडायची नाही, पलीकडच्या कप्प्यात न्यायची. म्हणजे डावी टाकी उघडणं आलं.

मागच्या भिंतीला गोल भोक पाडून, काम झालं की त्यावर झाकण सीलंट लावून रिव्हेट करतात. गळक्या टाकीवरचा जुना इलाज आहे. न गळणाऱ्या टाकीवर तो करायला काकांचा हात धजत नव्हता. होल सॉच्या दातांना ग्रीस फासलं, कीस त्यालाच चिकटावा म्हणून. टाकीने अजून पेट्रोल पाहिलं नव्हतं, त्यामुळे व्हॅक्यूमची नळी बिनधास्त शेजारी धरता आली. चकती निघाली. काकांनी आत हात घातला, आपलं काम कसं झालंय ते कौतुकाने चाचपायला.

आणि बोट काळं आलं.

आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं. तिसऱ्या कप्प्यातली रिबची मागची कड पूर्ण मऊ होती, काडी लावली की तार यायची. बाकी सगळं रबरासारखं घट्ट. मऊ सीलंटही हवा अडवतो, म्हणून फुगा उतरला नव्हता. पेट्रोलने तो सीलंट हळूहळू धुवून नेला असता. कुठे आणि किती उंचीवर, याचा विचार मी अजून पुरा करू शकलेलो नाही.

काकांची नोंदवही निघाली. प्रत्येक घाण्याचं वजन त्यांनी लिहून ठेवलंय. पन्नासला पाच, पन्नासला पाच, आणि शेवटचा, डबा खरवडून काढलेला: वीसला दोन. आमच्या हँगरमधला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. त्याचे 'दोन' म्हणजे दीडही असू शकतात. पाचावर अर्धा ग्रॅम खपून जातो, दोनावर नाही. दशांश दाखवणारा काटा मी मालकाकडे वर्षभर मागतोय. 'इतकी वर्षं चाललंच ना', हे त्याचं उत्तर. काटा तीस डॉलरचा. की तळाचा कॅटॅलिस्ट नीट ढवळला गेला नव्हता? मी त्या वेळी शेजारच्या विमानाशी होतो. दोन कारणांपैकी कुठलं, हे मला कधीच सांगता येणार नाही.

मऊ सीलंटवर नवा चढवून चालत नाही, सगळा काढावा लागतो, तोही लाकडाच्या पट्टीने, पत्र्याला ओरखडा न काढता. काका तीन दिवस खांद्यापर्यंत हात घालून बसले होते. मी टॉर्च धरला. एकदाही ते मला म्हणाले नाहीत, की बंद करायला तूच सांगितलं होतंस.

नोंदवहीत त्या घाण्यापुढे आणखी एक ओळ आहे, त्यांच्या बारीक अक्षरात: 'उरलेलं उजव्या टाकीला, बाहेरचा कोपरा.' उजव्या टाकीला परतीची नळी नाही, ती उघडायचं काही कारण नव्हतं. मालक म्हणतो, चाचणी पास झालीय, हात लावू नका.

काल संध्याकाळी काकांनी उजवी टाकी स्टँडवर पालथी घातली. मी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, तिच्यातल्या ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजतं म्हणून, आणि मार्कर दिला. त्यांनी बाहेरच्या कप्प्यावर गोल काढला.

"सकाळी लवकर ये," म्हणाले.